माड लावायचा, पण कुठला आणि कुठे?



३ जून २०२०. आमच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या कुणाही बाईला या तारखेला काय झालं ते सांगावं लागत नाही. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी आपल्या किनाऱ्यावर आलं. संध्याकाळी वारा पडल्यावर सासूबाई आणि मी मागच्या दाराने वाडीत गेलो. आमच्या वाडीत भर दुपारी सुद्धा अंधार असायचा, इतक्या दाट पोफळी होत्या. त्या दिवशी वर बघितलं तर नुसतं आभाळ. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आडव्या पडलेल्या एका माडावर बसल्या आणि म्हणाल्या, "हा तुझ्या सासऱ्यांच्या जन्माच्या वर्षी लावलेला."

आज मला माडांबद्दल बोलायचं आहे, ते त्या वादळानंतर आम्ही काय चुकलो ते सांगून. आम्ही म्हणजे मुख्य करून मी.

वादळानंतर महिनाभरात गावात एक टेम्पो आला, नारळाच्या रोपांनी भरलेला. "चार वर्षांत नारळ, दोनशे फळं झाडाला," असं तो माणूस सांगत होता. भाव स्वस्त. गटाच्या बैठकीत सात जणींनी रोपांसाठी कर्ज मागितलं. समन्वयक म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "द्या." रोपं कुठली, कुठल्या झाडाची, किती महिन्यांची, हे काही मी विचारलं नाही. कर्जाचे हप्ते सगळ्यांनी वेळेवर फेडले, पण झाडं? काही पहिल्याच उन्हाळ्यात गेली, काही भुंग्याने खाल्ली, काही नुसतीच बारीक खोडाची उंच झाली. आमच्यातल्या एका काकूंनी तर विजेच्या तारेखालीच रोप लावलं होतं. ते मात्र नेमकं छान वाढलं आणि शेवटी तोडावं लागलं.

भाजीचं बी चुकलं तर दोन महिने जातात. माड चुकला तर सात वर्षं जातात. म्हणून आधी समजून घेऊ आणि मग खड्डा खणू.

माड हे आंब्यासारखं झाड नाही

आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. खोडाला घाव बसला तर साल भरून येते. माड, पोफळ, ताड, शिंदी ही सगळी एकाच कुळातली, आणि नात्याने वडा-आंब्यापेक्षा गवताला, बांबूला जवळची. यांचा वाढणारा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो मेला की झाड मेलं, खालून नवीन धुमारा येत नाही. खोडाला साल नसते, त्यामुळे खोडावरची जखम कधीच भरून येत नाही. चढायला सोपं जावं म्हणून खोडात पाडलेल्या खाचा, ठोकलेला खिळा, तार बांधून पडलेला काच हे सगळं झाड मरेपर्यंत तसंच राहतं, आणि त्या जखमेतूनच कीड आत शिरते.

दुसरी गोष्ट. माडाला सोटमूळ नसतं. दोरखंडासारखी असंख्य मुळं बुंध्यातून निघतात आणि त्यातली कामाची बहुतेक मुळं बुंध्यापासून पाच-सहा फुटांच्या आत असतात. खत-पाणी कुठे द्यायचं हे यावरूनच ठरतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माडाच्या प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते. चांगला बाणवली माड साधारण महिन्याला एक नवी झावळी काढतो, म्हणजे वर्षाला बारा-एक पोयी. ही पोय बाहेर दिसण्याआधी अडीच वर्षांपेक्षा जास्त काळ आत घडत असते. पोय उमलल्यावर नारळ पिकायला आणखी सुमारे वर्ष. म्हणून या उन्हाळ्यात पाणी तोडलं तर त्याचा फटका पुढची तीन-साडेतीन वर्षं दिसत राहतो. आपण मात्र त्या वर्षीच्या पावसाला बोल लावतो.

जात कुठली घ्यावी?

आधी स्वतःला विचारा, मला नारळ कशासाठी हवा? घरच्या वाटणाला, तेलाला आणि थोडा विकायला हवा असेल तर उंच जात. आपली बाणवली याच गटातली. तिला फळ लागायला सहा-सात वर्षं लागतात, पण ती ऐंशी-शंभर वर्षं जगते, खोबरं जाड असतं आणि थोडी हयगय सोसते. चांगली निगा असेल तर वर्षाला ऐंशी ते शंभर नारळ देते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेली 'प्रताप' ही जातही उंच गटातलीच.

शहाळी विकायची असतील, रस्त्याकडेला घर असेल, पर्यटक येत असतील, तर ठेंगणी जात. केशरी फळाची चौघाट ऑरेंज ड्वार्फ शहाळ्याला गोड. ती तीन-चार वर्षांत धरते, हात पोहोचेल इतक्या उंचीवर फळ येतं. पण तिचं आयुष्य कमी, खोबरं पातळ, आणि तिला पाणी-खत वेळच्या वेळी लागतं. मे महिन्यात विहीर तळाला जाते त्या घरी ही जात लावू नये.

तिसऱ्या आहेत संकरित जाती, उंच आणि ठेंगणी यांच्या. टी बाय डी, डी बाय टी अशी नावं तुम्ही ऐकली असतील. त्या लवकर धरतात आणि भरपूर देतात, पण खाणंही तितकंच मागतात. यात एक गोम आहे. संकरित झाडाचा नारळ घरी रुजवला तर तेच गुण पुढे येत नाहीत. "आमच्या शेजारणीच्या संकरित माडाचं रोप आहे" असं कुणी म्हटलं तर ते घेऊ नका.

रोप कसं ओळखावं?

उंच माडाचं पराग दुसऱ्या माडावरून येतं, त्यामुळे एकाच पेंडीतल्या नारळांची रोपं सारखी निघत नाहीत. म्हणून आधी आई बघायची आणि मग लेकरू.

घरी रोप करायचं असेल तर माड वीस ते साठ वर्षांच्या दरम्यानचा, दर वर्षी न चुकता ऐंशीच्या वर फळ देणारा, शेंड्यात तीसच्या वर झावळ्या असलेला निवडा. पेंडीचा दांडा आखूड आणि भक्कम असावा, लांब दांड्याची पेंड लोंबकळून मोडते. नारळ पूर्ण पिकलेला, अकरा-बारा महिन्यांचा घ्या. पाच महिन्यांत रुजला नाही तो नारळ सरळ वाटणात घाला. उशिरा रुजणारा पुढेही उशीरच करतो.

विकतचं रोप घेताना या खुणा बघा:

रोप नऊ ते बारा महिन्यांचं असावं. त्याला पाच-सहा पानं असावीत. बुंधा आखूड आणि जाड, हाताच्या अंगठ्याएवढा बारीक नव्हे. पानं लवकर फाटून त्यांची पाती सुटी झालेली असली तर ती चांगली खूण. उंच, लुकडं, फिकट रोप दिसायला मोठं वाटतं, पण ते सावलीत दाटीने वाढलेलं असतं. आम्ही नेमकी तीच उचलली होती, "मोठी आहेत" म्हणून!

रोपं घ्यायची तर कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रातून किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून घ्या. तिथे आधी मागणी नोंदवावी लागते, कधी थांबावंही लागतं. थांबा. आणि पावती घ्या. पावतीवर जात लिहिलेली असली पाहिजे.

जागा आणि खड्डा

उंच माडाची झावळी पंधरा-अठरा फुटांपर्यंत जाते. त्यामुळे घर, गोठा, शौचालयाचं छप्पर यांपासून किमान वीस फूट लांब. विजेच्या तारेखाली नाही, तारेशेजारीही नाही. मुलं खेळतात, पाहुण्यांच्या गाड्या लागतात, तिथे नाही. दोन माडांत पंचवीस फूट अंतर हवं. जागा आहे म्हणून मध्ये एक जास्तीचा माड कोंबला तर दोघेही उन्हासाठी भांडतात, नुसते उंच होतात. आणि असे उंच, बारीक माड वाऱ्याला पहिले बळी पडतात.

खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. जांभ्याच्या कातळात चार फुटांचा घ्या. तळाशी नारळाची सोडणं खोलगट बाजू वर करून दोन थर पसरा. ती पाणी धरून ठेवतात. वर चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि दीड किलो सुपर फॉस्फेट मिसळून भरा. रोप लावताना नारळ फक्त मातीने झाकला जावा, रोपाची मान उघडी राहावी. पावसात माती वाहून मानेवर बसते, ती दर आठ-पंधरा दिवसांनी हाताने बाजूला करायची. पाणी साचत असेल तर चर काढून द्या. फारच साचणारी जागा असेल तर जूनऐवजी पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात लावा.

पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात रोपाला झावळीची सावली करायची. आमची काही रोपं पहिल्या मार्च-एप्रिलात गेली ती याच कारणाने.

खाणं-पिणं

पहिल्या वर्षी रोपाला रोज दहा लिटर पाणी, मोठ्या माडाला उन्हाळ्यात तीस ते चाळीस लिटर. भांडी धुतलेलं पाणी चालेल, पण पाणी बुंध्यावर न ओतता बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर केलेल्या आळ्यात गेलं पाहिजे, कारण खाणारी मुळं तिथे आहेत. आळ्यात सोडणं, पालापाचोळा, झावळ्यांचे तुकडे पसरले की ओल टिकते.

पाच वर्षांच्या पुढच्या माडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश ही विद्यापीठाची शिफारस. पहिल्या वर्षी याचा पाचवा भाग, दुसऱ्या वर्षी दोन भाग, असं वाढवत पाचव्या वर्षी पूर्ण. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदम द्यायचं. युरिया आणि पोटॅशचे तीन हप्ते करायचे, जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. बचतगटाच्या बाईला हप्ते वेगळे शिकवावे लागत नाहीत! फक्त माती ओली असतानाच द्या.

"माडाला मीठ घालावं का?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. आपल्या आज्या-पणज्या घालायच्या, आणि त्यात तथ्य होतं. माडाला क्लोरीन लागतं आणि ते मिठात असतं. पण म्युरेट ऑफ पोटॅशमध्येही ते असतंच. पोटॅश देत असाल तर वेगळं मीठ ओतायची गरज नाही.

कोयती जपून

शिमग्याआधी वाडी साफ करायची म्हणून हिरव्या झावळ्यांवरही कोयती चालवतो आपण. आता लक्षात आलं ना, झावळी म्हणजे माडाची चूल, आणि तिच्या बगलेत पोय? शिवाय वरची पेंड खालच्या झावळीच्या आधारावर बसलेली असते. म्हणून फक्त वाळलेली झावळी काढायची. हिरवी काढावीच लागली तर खोडाला लागून न कापता तीन-चार फूट दांडा ठेवून कापायची. ताज्या कापाचा वास सोंड्या भुंग्याला लांबून येतो आणि तो तिथे अंडी घालतो.

दोन भुंगे आणि एक माशी

गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग असलेला. तो कोंबात शिरून न उमललेलं पान कुरतडतो. पान उघडल्यावर कात्रीने नक्षी कापल्यासारखं त्रिकोणी दिसतं. तो वाढतो कुठे, माहीत आहे? आपल्याच शेणाच्या खड्ड्यात आणि कुजणाऱ्या माडाच्या ओंडक्यात. वादळानंतर पडलेले ओंडके आम्ही दोन-दोन वर्षं वाडीत तसेच ठेवले आणि शेजारी नवी रोपं लावली. भुंग्याला आम्ही घरही दिलं आणि जेवणही.

उपाय असा. शेणखड्डा उपसत राहा, त्यातल्या पांढऱ्या जाड अळ्या कोंबड्यांना टाका. वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड एक भाग आणि वाळू दोन भाग असं मिश्रण भरा. भोकात भुंगा असेल तर तारेच्या आकड्याने ओढून काढा.

सोंड्या भुंगा तांबडा, पुढे सोंड. हा जास्त वाईट, कारण तो आतून खोड पोखरतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खोडावरच्या भोकातून तांबूस चीक गळतो, चावलेला भुसा बाहेर येतो, खोडाला कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते. अशी खूण दिसली की त्याच दिवशी कृषी सहाय्यकांना कळवा. मेलेलं झाड तोडून जाळा, नाहीतर शेजारणीच्या माडावर पाळी.

पांढरी माशी झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या गोल नक्षीत बसते आणि खालच्या पानांवर काळी काजळी धरते. ते बघून घाबरून जहाल औषध मारू नका. या माशीला खाणारे बारीक मित्रकीटक असतात, औषधाने आधी ते मरतात. पाण्याचा जोरदार फवारा आणि चिकट पिवळे सापळे यांनी पुष्कळ काम होतं.

पोफळ आणि पावसाळा

श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव सगळीकडे आहे, आणि ती परत उभी राहावी अशी आपल्या सगळ्यांची इच्छा आहे. पोफळीचं खोड नाजूक. दुपारनंतरच्या उन्हाने ते भाजतं, तडकतं आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडतं. म्हणून मोकळ्या जागेत एकदम पोफळी लावू नका. आधी माड किंवा केळी, मग त्यांच्या सावलीत नऊ-नऊ फुटांवर पोफळ. वादळाने आमची सावलीच नेली होती, तरी आम्ही घाईने पोफळी लावल्या. त्यांची खोडं आजही पश्चिमेच्या बाजूने काळी आहेत.

पावसात पोफळीला कोळे रोग येतो, कोवळी सुपारी कुजून गळते. माडाचा कोंबही पावसातच कुजतो. दोन्हींवर बोर्डो मिश्रण चालतं. घरी करायचं तर प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कळीचा चुना विरघळवा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. मग त्यात कोयतीचं स्वच्छ पातं बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा. पोफळीवर पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून.

शोभेचे माड

गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या आपल्या भगिनी विचारतात, अंगणात शोभेला काय लावू? रॉयल पाम देखणा, पण त्याची झावळी जड असते आणि आपोआप खाली पडते. गाड्यांच्या जागेवर लावू नका. अरेका पाम झुडपासारखा वाढतो, ओट्याच्या कडेला, कुंडीत छान, पण कडक उन्हात पिवळा पडतो. आपला रानातला भेरली माड तर मांडवाच्या सजावटीचा मानकरी. पण त्याचं फळ हाताला लागलं की भयंकर खाज सुटते, आणि तो एकदा फुलायला लागला की वरून खाली फुलत येतो आणि मग मरतो. मुलांच्या घराजवळ तो नको.

माझं म्हणाल तर दारात ठेंगणा केशरी नारळ लावा. पाहुण्याला शोभा दिसते आणि सकाळी शहाळंही मिळतं.

शेवटचं

पाडेली मिळत नाही ही सगळ्यांची तक्रार. नारळ विकास मंडळ यंत्राच्या शिडीने माडावर चढायचं प्रशिक्षण देतं, आणि त्यात बायकाही शिकल्या आहेत. गटातून दोघी-तिघी तयार झाल्या तर वाडीचं काम होईल आणि मजुरी गावातच राहील. मंडळाची माडांसाठी विमा योजनाही आहे. आपल्याकडे ती सध्या कशी मिळते ते कृषी कार्यालयात जाऊन विचारा, एकटीने नको, पाच-सहा जणी मिळून जा.

आणि आमच्या गटाने आता एक नियम केला आहे. रोपांसाठी कर्ज मागणारीने तीन गोष्टी बैठकीत सांगायच्या. रोप कुठून घेणार, कुठे लावणार, आणि मे महिन्यात पाणी कुठून घालणार. तिन्हींची उत्तरं असतील तरच समन्वयकाची सही. पहिली तीन उत्तरं मी स्वतः दिली, कारण गेल्या वर्षी मीही पुन्हा रोपं लावली. भाट्याहून आणलेली चार बाणवली, पंचवीस फुटांवर, तारेपासून लांब.

सासूबाईंनी त्यातल्या एकाला आपल्या हाताने माती दिली. वय त्यांचं शहात्तर. मी म्हटलं, "आई, याचे नारळ यायला सहा-सात वर्षं लागतील." त्या म्हणाल्या, "मला जो मिळाला तो तरी मी कुठे लावला होता?"

या आठवड्यात एवढंच करा. आपल्या परसात जा, प्रत्येक माडाच्या शेंड्याकडे नीट बघा, पानावर त्रिकोणी काप आहे का, खोडावर चीक आहे का. आणि वाडीत जुने ओंडके पडले असतील तर पावसाआधी बाहेर काढा. पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा काय दिसलं ते.